आधी वाढविलेले पिल्लू दाखवा

गेल्या पावसाळ्यापूर्वी एका रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर दोन गृहस्थ आम्हांस भेटावयास आले. अंगावर स्वच्छ कपडे, हातात रंगीत चित्रांचे पत्रक आणि तोंडात गोड भाषा. "फादर, आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना घरबसल्या उत्पन्न देणारी योजना आणली आहे. मिस्सेच्या शेवटी सूचना वाचाल तेव्हा आमच्यासाठी एवढे दोन शब्द बोला," अशी त्यांची विनंती होती. योजना अशी की, काचेची टाकी, हवेचा पंप, समुद्राचे पाणी करण्याचे मीठ आणि शोभेच्या समुद्री कोळंबीच्या 'निवडक नर-मादी जोड्या' ते पुरविणार. त्यासाठी प्रत्येक कुटुंबाने एकरकमी पैसे भरावयाचे. पुढे जी पिल्ले होतील ती सगळी तेच विकत घेणार.

आम्ही पत्रक नीट वाचले आणि एकच प्रश्न विचारला : "तुम्ही स्वतः वाढविलेले एक पिल्लू आम्हांस दाखवाल काय?" त्यांनी मोबाईलवर पोटाशी अंडी धरलेल्या कोळंबीचे चित्र दाखविले. आम्ही म्हणालो, "ही आई झाली. पिल्लू कुठे आहे?" त्यावर उत्तर मिळाले, "पिल्ले काय, आपोआप होतात, फादर!"

सूचना आम्ही वाचली नाही. पुढे काही दिवस 'फादरांनी गरिबांच्या मिळकतीची वाट अडविली' असे बोल आमच्या कानांवर आले. एक भगिनी तर दुभती म्हैस विकून पैसे भरण्याच्या तयारीत होती. आम्ही नकार दिल्यामुळे तिची निराशा झाली. तिला आणि तिच्यासारख्या इतरांना आमच्या नकाराचे कारण समजावून सांगणे हे आमचे कर्तव्य आहे. म्हणून ह्या पानावर हा विषय घेतला आहे.

आमचे मत सरळ आहे. समुद्रातील शोभेची कोळंबी घरी पाळण्यात काही वाईट नाही. तिची पैदास करणे हे तर चांगलेच काम आहे. परंतु ज्याने अंड्यातून निघालेली अळी वाढवून तिची कोळंबी करून दाखविलेली नाही, त्याने पैदासीच्या नावावर दुसऱ्याचे पैसे घेऊ नयेत. आणि जो केवळ हौसेने पाळतो त्यानेही, समुद्रातून आणलेली दुसरी जोडी विकत घेण्यापूर्वी, पहिल्या जोडीचे निदान एक पिल्लू वाढवून पाहावे. असे आम्ही का म्हणतो हे कळण्यासाठी ह्या जीवाचा संसार थोडा समजून घेतला पाहिजे.

बाजारातून आपण आणतो ती सुंगटे वेगळी आणि ही शोभेची कोळंबी वेगळी. ही बोटाच्या दोन पेरांएवढी, प्रवाळाच्या खडकांतून राहणारी. हिच्या एका मोठ्या वंशाला शास्त्रज्ञ लिस्माटा म्हणतात. त्यातील दोन जाती पाळणाऱ्यांना विशेष प्रिय आहेत. एक पेपरमिंट कोळंबी, फ्लोरिडा आणि कॅरिबियन समुद्राकडची. तिचे अंग पारदर्शक असून त्यावर तांबड्या रेघा असतात. टाकीत तणासारखे माजणारे ऐप्टेशिया नावाचे समुद्रफूल ती खाऊन टाकते, म्हणून तिला मागणी. दुसरी क्लीनर कोळंबी, हिंदी आणि पॅसिफिक महासागरांतील. तिच्या तांबड्या पाठीवरून एक पांढरी रेघ गेलेली असते आणि मिश्या लांब व पांढऱ्या असतात. ही माशांच्या अंगावरचे परजीवी आणि मेलेली कातडी वेचून खाते. गावच्या न्हाव्यापुढे माणसे बसावीत तसे मासे तिच्यापुढे येऊन थांबतात, तोंड उघडतात, आणि ही निर्धास्तपणे त्यांच्या तोंडात शिरून दात साफ करते. मोठा मासा तोंड मिटत नाही. निर्मात्याने लहानांना मोठ्यांच्या उपयोगी कसे पाडले आहे याचे हे एक सुंदर उदाहरण होय.

ह्या वंशाची आणखी एक नवलाई आहे. १९९८ साली रेमंड बाउअर आणि जोन होल्ट ह्या शास्त्रज्ञांनी पेपरमिंट कोळंबीविषयी दाखवून दिले की, हा जीव आधी नर म्हणून वयात येतो आणि पुढे मोठा झाल्यावर एकाच वेळी नरही असतो व मादीही. मात्र तो स्वतःची अंडी स्वतः फळवू शकत नाही. त्याला सोबती लागतोच. म्हणजे ह्या जातीची कोणतीही दोन पूर्ण वाढलेली कोळंबी एकत्र ठेवली की जोडी झाली. क्लीनर कोळंबीचेही तसेच आहे. तेव्हा त्या पत्रकातील 'निवडक नर-मादी जोड्या' ह्या शब्दांवरूनच आम्हांस कळले की, लिहिणाऱ्याने हा जीव कधी पाळलेला नाही, किंवा पाळला असल्यास त्याच्याकडे पाहिलेले नाही.

आता अंड्यांकडे वळू. कोळंबी वाढताना अंगावरची जुनी कात टाकते. कात टाकल्यावर काही तासांतच दोघांचे मीलन होते आणि शेकडो अंडी पोटाखालच्या पोहण्याच्या पायांना चिकटतात. दहा ते चौदा दिवस आई ती वाहते, पायांनी वारा घालावा तशी त्यांना पाणी घालते. मग एखाद्या रात्री, दिवे मालवल्यानंतर, अंडी फुटतात आणि डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या अळ्या पाण्यात सुटतात. आई पुन्हा कात टाकते आणि पुन्हा अंडी धरते. सांभाळ चांगला असेल तर हे चक्र जवळजवळ दर पंधरवड्याला चालू राहते.

इथपर्यंत सारे खरोखरच आपोआप होते. ते दोन गृहस्थ इथपर्यंत खोटे बोलत नव्हते. परंतु सकाळी टाकीचा धनी उठतो तेव्हा त्याला काय दिसते? काहीच नाही. रात्रीतून काही अळ्या माशांनी खाल्लेल्या असतात, काही फिल्टरच्या नळीत ओढल्या जाऊन चिरडलेल्या असतात. ज्याला ठाऊक नाही तो म्हणतो, "अंडी होती, कुठे गेली कोण जाणे!" घराघरांतील टाक्यांमधून दर पंधरवड्याला असे शेकडो जीव जन्मतात आणि सकाळ होण्यापूर्वी नाहीसे होतात, आणि ज्याने ते विकत आणले त्याला त्याची खबरही नसते.

समुद्रातही बहुतेक अळ्या मरतातच, हे आम्हांस मान्य आहे. पण तिथे त्या इतर जीवांचे अन्न होतात आणि जगतील त्या खडकावर परत येतात. आपल्या काचेच्या टाकीतून मात्र एकही परत जात नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात पाचव्या दिवशी परमेश्वर पाण्यातील जीवांना फळण्याचा व बहुगुणित होण्याचा आशीर्वाद देतो. माणूस अजून निर्माण व्हावयाचा होता, त्याआधी तो आशीर्वाद ह्या लहान जीवांना मिळालेला आहे. आपण त्यांना समुद्रातून उचलून आपल्या दिवाणखान्यात आणतो तेव्हा तो आशीर्वाद सांभाळण्याची जबाबदारीही आपल्याकडे येते, असे आम्हांस वाटते.

ही जबाबदारी किती अवघड आहे हे आम्ही आमच्याच धर्मग्रामातील एका तरुणाच्या घरी पाहिले आहे. हा तरुण काही वर्षे आखाती देशात एका हॉटेलातील मोठ्या टाक्यांची देखभाल करीत होता. परत आल्यावर त्याने आईच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत शंभर लिटरची एक टाकी मांडली आणि पेपरमिंट कोळंबीची एक जोडी ठेवली. आमचा गाव घाटावरचा. चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यात गेल्याशिवाय आम्हांला समुद्र दिसत नाही. म्हणून पाणी घरीच करावे लागते. जेवणाचे मीठ पाण्यात घातले म्हणजे समुद्र होत नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम आदी क्षार योग्य प्रमाणात असलेले खास मीठ लागते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे शंभर लिटरला साडेतीन किलो. ते आरओच्या पाण्यात कालवून टाकी मांडल्यावर चार ते सहा आठवडे तशीच चालवावी लागते. त्या अवधीत घाणीचे विष पचविणारे उपकारक जिवाणू तयार होतात, आणि अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय कोळंबी सोडता येत नाही. पाण्याची ऊब २५ ते २८ अंशांच्या दरम्यान हवी. आमच्याकडे पौषात रात्रीचा गारठा चांगलाच असतो, तेव्हा हीटर लावावा लागतो.

पहिल्या वेळी त्या तरुणाची सारी पिलावळ फिल्टरमध्ये गेली. दुसऱ्या वेळी तो सावध होता. अळ्या उजेडाकडे धावतात हे हेरून त्याने रात्री टाकीच्या एका कोपऱ्याशी विजेरी धरली, जमलेल्या अळ्या पाण्यासकट वाटीने अलगद उचलल्या आणि गोल बुडाच्या वेगळ्या भांड्यात सोडल्या. जाळी वापरावयाची नाही, कारण ह्या अळ्यांचे पाय केसाहून नाजूक. थोड्या मोठ्या झाल्यावर त्यांना वल्ह्यासारखे दोन लांब पाय फुटतात. ते कोपऱ्यात आपटले तरी तुटतात. म्हणून भांड्याला कोपरा नको आणि हवेचा बुडबुडा मंद हवा. खाद्य म्हणून आर्टेमियाची ताजी पिल्ले द्यावयाची. हा मिठागरात आणि खाऱ्या सरोवरांत होणारा सूक्ष्म जीव. त्याची वाळलेली अंडी डब्यात मिळतात. जगभर विकली जाणारी पुष्कळशी अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेक ह्या सरोवरातून येतात. खाऱ्या पाण्यात हवा व उजेड दिला की चोवीस तासांच्या आसपास ती फुटतात. म्हणजे रोज नवा घाणा लावावयाचा, रोज तळाची घाण नळीने ओढून काढावयाची, रोज थोडे पाणी बदलावयाचे. एक दिवस चुकला तर भुकेल्या अळ्या एकमेकींना खातात.

हे त्याने सव्वीस दिवस केले. सव्विसाव्या रात्री आषाढातला पाऊस, गावाचा ट्रान्सफॉर्मर जळाला, पंप बंद पडला. सकाळी भांड्यात एकही अळी जिवंत नव्हती. त्याची आई आम्हांस म्हणाली, "फादर, पोरगा दोन दिवस जेवला नाही. मी त्याला म्हटले, कोंबडीची पिल्ले मेली तर मी अशी बसून राहीन का?" तिसऱ्या वेळी त्याने बॅटरीवर चालणारा पंप आणून ठेवला. चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास एका अळीने रूप पालटले आणि ती आईसारखी दिसणारी, पण तांदळाच्या दाण्याएवढी, भांड्याच्या काचेवर चालू लागली. पुढच्या पंधरा दिवसांत अशी एकूण नऊ पिल्ले निघाली. शेकडोंतून नऊ!

तो त्या दिवसांत आम्हांस एक गोष्ट सांगत असे, ती लक्षात राहण्यासारखी आहे. खाद्य कमी पडले वा निकृष्ट असले तर अळी कात टाकते पण पुढच्या अवस्थेत जात नाही. पुन्हा कात टाकते, पुन्हा तिथेच. शास्त्रज्ञांनीही ह्या जातीत हा प्रकार पाहिला आहे. पाहणाऱ्याला वाटते वाढ चालू आहे. प्रत्यक्षात जीव एकाच पायरीवर पाय आपटीत असतो. हे ऐकल्यावर आम्हांला आमच्या कित्येक प्रायश्चित्तकाळांची आठवण झाली. असो.

आणि पेपरमिंट ही त्यातल्या त्यात सोपी जात. क्लीनर कोळंबीची अळी पिल्लू व्हावयास तीन ते पाच महिने घेऊ शकते. पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांची, लांब नांग्यांची बँडेड कोळंबी, जिच्यात नर आणि मादी खरोखरच वेगळे असतात, तिच्या अळ्यांना प्रयोगशाळेत चार ते सात महिने लागल्याची नोंद आहे. रिकार्डो कालाडो ह्या पोर्तुगीज शास्त्रज्ञाने शोभेच्या समुद्री कोळंबीवर २००८ साली एक संपूर्ण ग्रंथच लिहिला. एवढे संशोधन होऊनही ह्या जातींचा व्यापार अजून मुख्यतः समुद्रातून पकडलेल्या जीवांवर चालतो. मग आमच्या तालुक्यातील म्हैस विकून टाकी घेतलेली भगिनी पहिल्याच वर्षी त्या गृहस्थांना कोणती पिल्ले विकणार होती? आणि ज्यांनी 'सगळी पिल्ले विकत घेऊ' असे वचन दिले, त्यांना ते वचन पाळावे लागणारच नव्हते, कारण पिल्ले होणारच नव्हती. नफा जोड्या आणि टाक्या विकण्यात होता. इमूपालनाची लाट आपण विसरलो काय? तिथेही पक्षी विकावयाचे आणि परत घेण्याचे वचन द्यावयाचे, अशीच रीत होती. २०१२ साली तामिळनाडूत ईरोडच्या बाजूला तो डोलारा कोसळला तेव्हा हजारो कुटुंबांची पुंजी बुडाली आणि उपाशी पक्षी कुंपणात राहिले.

आता कोणी विचारील, "फादर, पैशांचे कळले. पण हौशी माणसाने पिल्लू वाढविलेच पाहिजे असा आग्रह कशाला? पैसे देऊन विकत घेतो, चोरी तर करीत नाही." त्यांच्यासाठी काही आकडे देतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या जागतिक संवर्धन केंद्राने २००३ साली ह्या व्यापाराचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार जगात वर्षाला सुमारे दोन ते २.४ कोटी समुद्री शोभेचे मासे, १.१ ते १.२ कोटी प्रवाळाचे तुकडे आणि ९० लाख ते एक कोटी इतर बिनकण्याचे जीव विकले जात होते. कोळंबी ह्या शेवटच्या गटात येते. गोड्या पाण्यातील शोभेच्या माशांच्या बहुतेक जाती आज तळ्यांत पैदा केल्या जातात. समुद्री जीवांचे मात्र उलट आहे. त्यांतील बहुसंख्य थेट खडकांवरून उचलले जातात. कोळंबी बहुधा हाताने वा जाळीने पकडतात, पण त्याच खडकांवर मासे गुंगविण्यासाठी सायनाइड फवारण्याची दुष्ट रीत फिलिपाईन्समध्ये १९६० च्या दशकात सुरू झाली व पुढे इतरत्रही पसरली. त्या विषाने प्रवाळही मरते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात, ४१ व्या परिच्छेदात, प्रवाळखडकांच्या नाशाबद्दल लिहिताना सायनाइड आणि सुरुंग यांनी होणाऱ्या मासेमारीचा स्पष्ट उल्लेख केला आहे. म्हणजे हा विषय ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीबाहेरचा नाही.

दुसऱ्या बाजूचेही एक म्हणणे आहे आणि ते खोटे नाही. बेटांवरील गरीब कोळी हाताने, संयमाने दोन-चार जीव पकडून विकतो. त्यावर त्याची चूल पेटते, आणि चूल खडकावर अवलंबून असल्यामुळे तो खडक राखतो. सगळी पैदास शहरांत होऊ लागली तर त्याचे काय? हा प्रश्न आम्हांलाही सतावतो. परंतु आम्ही घाटावर बसलेले लोक. आमच्या दुकानातील पिशवीत असलेली कोळंबी संयमी कोळ्याने पकडली की दुसऱ्या कोणी, हे आम्हांस कळण्याचा मार्ग नाही. जे कळत नाही ते वारंवार विकत घेऊ नये. एकदा घेतले तर त्याची किंमत स्वतः श्रम करून जाणून घ्यावी, एवढेच आमचे म्हणणे.

आणि कोळ्याच्या चुलीचा प्रश्न सुटूच शकत नाही असे नाही. आपल्याच देशात लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर अलीकडच्या काही वर्षांत राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन संस्थेने एक चांगले काम उभे केले आहे. तिथल्या केंद्रात शोभेच्या कोळंबीची पैदास होते. अळी वाढविण्याचा अवघड टप्पा शास्त्रज्ञ सांभाळतात, आणि तयार पिल्ले बेटावरील स्त्रियांच्या गटांना देतात. त्या ती विक्रीयोग्य होईपर्यंत वाढवितात. आपल्याकडे तरवा एकाने जपून तयार करावा आणि लावणी दुसऱ्याने करावी, तसेच हे. इथे गरिबाच्या माथी कोणता धोका मारला आणि कोणता नाही ते पाहा. जो टप्पा जाणकारालाही झोप देत नाही तो संस्थेने आपल्याकडे ठेवला. त्या दोन गृहस्थांच्या योजनेत नेमका तोच टप्पा म्हैस विकणाऱ्या भगिनीच्या गळ्यात घातलेला होता.

इतके वाचूनही ज्यांना हा छंद धरावयाचा असेल त्यांनी तो जरूर धरावा. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवतो.

पहिली, तांब्यापासून सावध. तांबे हे कोळंबीला अत्यल्प प्रमाणातही विष आहे. तांब्याच्या हंड्यातले किंवा पितळी घागरीतले पाणी टाकीत घालू नये. माशांच्या रोगावरील पुष्कळशा औषधांत तांबे असते. मोरचूद किंवा बोर्डो मिश्रण हाताळून आलेला हात धुतल्याशिवाय टाकीत बुडवू नये. सुपारीच्या बागा असलेल्या घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

दुसरी, डासांचा फवारा. कोळंबी आणि डास हे दोघेही सांधेदार पायांचे, दूरचे भाऊबंद. जे डासाला मारते ते कोळंबीलाही मारते. टाकीच्या खोलीत फवारा मारू नये, मच्छरदाणी लावावी. ती माणसालाही बरी.

तिसरी, आपले स्वतःचे आरोग्य. खारे पाणी आणि वीज एकत्र आले की धोका मोठा. टाकीच्या जोडणीला वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसवून घ्यावा आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटर बंद करावा. हाताला जखम असेल तर हातमोजे घालावे. टाकीच्या पाण्यातून त्वचेत शिरणारा क्षयरोगाच्या जातकुळीतला एक जिवाणू असतो, त्याची गाठ महिनोन्‌महिने बरी होत नाही. अशी गाठ उठल्यास डॉक्टरांना 'माझ्या घरी माशांची टाकी आहे' हे आवर्जून सांगावे. न सांगितल्यास निदान लांबते.

चौथी, कायदा. टाकी सजविण्यासाठी प्रवाळ किंवा प्रवाळाचे दगड घेऊ नयेत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून प्रवाळांचा समावेश आहे. ते गोळा करणे आणि विकणे हा गुन्हा आहे. मालवणच्या किनाऱ्यावर सहलीला गेलेल्या मुलांनाही हे सांगावे. टाकीसाठी साधे कुंभारकामाचे तुकडे पुरतात. कोळंबीला लपावयास जागा हवी, शोभा नको.

आणि खर्चाविषयी एक शब्द. कर्ज काढून, दागिना गहाण ठेवून किंवा जनावर विकून ह्या छंदात पडू नये. म्हैस दोन वेळ दूध देते. कोळंबी दोन वर्षे शिकविते, आणि मग कदाचित काही देते. आमच्या त्या तरुणाने नऊ पिल्लांपैकी चार विकली. आलेल्या पैशांत मीठ आणि वीज निघाली, श्रम निघाले नाहीत. हे तो स्वतःच हसत सांगतो. पण शाळेच्या विज्ञान वर्गासाठी त्याने दोन पिल्ले एका लहान टाकीत मांडून दिली आहेत, आणि आमच्या गावातील ज्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही ती मुले मधल्या सुट्टीत त्या टाकीपुढे उभी असतात. त्यांतील एका कोळंबीने ह्या महिन्यात पोटाशी अंडी धरली. मुलांनी आम्हांस बोलावून ती दाखविली आणि विचारले, "फादर, रात्री कोण थांबणार?" हा प्रश्न त्या रंगीत पत्रकात कुठेही नव्हता.

त्या दोन गृहस्थांविषयी आमच्या मनात राग नाही. त्यांनी पुन्हा यावे. येताना स्वतः वाढविलेले एक पिल्लू बरोबर आणावे. ते पाहिल्यावर सूचना आम्ही स्वतः वाचू. आणि ज्या भगिनीची म्हैस गोठ्यातच राहिली, तिला आमची विनंती आहे की, एखाद्या संध्याकाळी तिने शाळेत येऊन ती टाकी पाहावी.